वक्त्या कै. माधवी, विषय शालिवाहन

शालिवाहन राजाशी माझं वैर नव्हतं आणि ओळखही नव्हती. लग्नपत्रिकेत 'शके' असा शब्द येतो आणि त्याच्या आधी हा राजा उभा असतो, इतपत माहिती. तळेगावच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर वेल्डिंग केलं. तिथे कुणी शालिवाहनाबद्दल विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. असं असताना मागच्या पाडव्याला आमच्या वडगाव मावळात माझ्यामुळे चार गावांची माणसं एका मांडवात जमली आणि भांडली. ते कसं झालं ते सांगतो.

पाडव्याला महिना राहिला असताना वाचनालयाचा सचिव प्रदीप घरी आला. मी चहा केला. त्याने तो संपवला, यावरून बातमी वाईट आहे हे मी ओळखलं, कारण माझा चहा सहसा कुणी संपवत नाही.

"भाऊ, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "पाडव्याच्या व्याख्यानाला कमिटीने वहिनींचं नाव ठरवलं होतं. त्या असतानाच ठरलेलं. आता ते काढावं लागेल. म्हटलं, तुम्हाला विचारून काढावं."

माधवी दिवाळीनंतर गेली. त्यानंतर मी तिचं नाव काढत हिंडत होतो. रेशनकार्डावरून काढलं, गॅसच्या पुस्तकावरून काढलं, बँकेतून काढलं. प्रत्येक ठिकाणी दाखला द्यायचा, सही करायची, बाहेर येऊन उभं राहायचं. आता हे वाचनालय तेवढं राहिलं होतं. तिथे अजून ती होती, आणि नुसती होती असं नाही, पाडव्याला बोलणार होती.

"काढू नका," मी म्हटलं.

"मग बोलणार कोण?"

"मी बोलतो. नाव तिचं राहू दे."

प्रदीप भला माणूस आहे. तो हसला नाही. "भाऊ, वाचनालयाच्या घटनेत असं बसत नाही."

"बसत नाही असं लिहिलंय का त्यात?"

तो घटना बघायला गेला आणि संध्याकाळी परत आला. मयत व्यक्तीने व्याख्यान देऊ नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसणार. तेव्हा नाव राहिलं आणि मी अडकलो. विषयही तिनेच देऊन ठेवलेला होता: 'शालिवाहन, खरा किती आणि गोष्टीतला किती'. टिपणं काढायची तिला सवय नव्हती, तिचं सगळं डोक्यात असायचं. मी कपाटं बघितली, गादीखाली बघितलं. काही नव्हतं. म्हणजे ती काय बोलणार होती हे शोधायला मला तीच पुस्तकं वाचावी लागणार होती.

वाचायला बसलो आणि पहिल्याच आठवड्यात दूध तीनदा उतू गेलं.

आधी गोष्ट वाचली. पैठणला कुंभाराच्या घरात एक पोर वाढतं. मातीचे हत्ती करतं, घोडे करतं, शिपाई करतं. उज्जैनहून विक्रमादित्य चालून येतो, तेव्हा हे पोर त्या मातीच्या फौजेवर पाणी शिंपडतं आणि फौज उठून उभी राहते. मला पटली. मग शेजारी दुसरं पुस्तक उघडलं, त्यात सनावळ्या होत्या. विक्रमाचा संवत आणि शालिवाहनाचा शक यांत एकशे पस्तीस वर्षांचं अंतर. म्हणजे हा विक्रमादित्य लढायला आला तेव्हा दीडशेच्या घरात असणार. अशा माणसाला घोड्यावर कुणी बसवलं? घरात कुणी मोठं नव्हतं का?

पुढचं तर त्याहून मोठं निघालं. शालिवाहन म्हणून आपण ज्याला म्हणतो त्याच्या मागे खरे राजे आहेत, सातवाहन. दगडावर त्यांची नावं आहेत, नाणी आहेत. आणि त्यांचे मोठे वैरी कोण? शक. परदेशातून आलेले. त्यांच्या राजाची नाणी घेऊन त्यावर सातवाहन राजाने आपले ठसे मारले, इतकं ते वैर. आणि हा जो 'शक' आपण मोजतो, तो सातवाहनांनी सुरू केलेलाच नाही, त्या परक्यांच्या बाजूने सुरू झाला, असं बहुतेक अभ्यासक म्हणतात. शालिवाहनाचं नाव त्याला हजारएक वर्षांनी चिकटलं. म्हणजे 'शालिवाहन शके' हे दोन वैऱ्यांना एका पाटावर बसवल्यासारखं झालं. लग्नपत्रिकेवर, अक्षतांच्या शेजारी.

हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला बसवेना. गच्चीवर शेजारच्या नंदाबाई जुनं धोतर अंथरून त्यावर कुरडया घालत होत्या. माधवीची मैत्रीण. मी धावत वर गेलो आणि उन्हात उभा राहून सगळं सांगितलं.

नंदाबाईंनी शेवटची कुरडई घातली. "भावजी, पाय बाजूला घ्या. धोतरावर पाय पडतोय."

"अहो, पण दोघं वैरी होते."

"असतील. दोन हजार वर्षांत मिटलं असंल. मला येक सांगा, वर्ष सरलं न्हाई तिला जाऊन. घरात गुढी उभी करायची न्हाई, गोड करायचं न्हाई. आन् तुमी पाडव्याला मांडवात हार घालून घेणार?"

"हार नाही घालून घेणार. गुढी नाही उभारणार. फक्त बोलणार."

"लोक काय म्हणतील?"

"तेच ऐकायला तर बोलावलंय त्यांना."

"माधवी असती तर तुमाला बोलू दिलं असतं का?" एवढं विचारून त्या खाली वाकल्या आणि बराच वेळ कुरडया सारख्या करत राहिल्या. त्या आधीच सारख्या होत्या.

पुस्तकात होतं की आमच्या मावळातच, कार्ल्याच्या लेण्यात, या वैऱ्यांचे दोन लेख एकाच दारापाशी आहेत. एक त्या शक राजाच्या जावयाचा आणि दुसरा सातवाहन राजाचा. जावई म्हणतो, करजिक नावाचं गाव मी लेण्यातल्या भिक्षूंना दान दिलं. पुढे सातवाहन राजा जिंकला. तो मामाळच्या अधिकाऱ्याला हुकूम पाठवतो की तेच गाव मी त्याच भिक्षूंना देतो. मामाळ म्हणजे आपला मावळ. हे वाचून मी खुर्चीवरून उठलो. मावळातल्या सरकारी अधिकाऱ्याला आलेलं पत्र, आणि ते अजून तिथेच लावलेलं. असं काम आपल्याकडे कुठे होतं?

त्याच जावयाने प्रभासतीर्थावर ब्राह्मणांना आठ बायका दिल्या, म्हणजे लग्नं लावून दिली, असंही त्या लेखात आहे. तेवढं वाचून मी पुस्तक मिटलं आणि अल्लाउद्दीनला फोन केला.

अल्लाउद्दीन माझा शाळेपासूनचा दोस्त. मळवली स्टेशनला त्याची रिक्षा असते. तो मला लेण्याच्या पायऱ्यांपर्यंत सोडणार होता, पण कुतूहलाने वर आला. वर एकवीरा देवीची ही गर्दी. नारळ, फुलं, ओट्या, रांगा. त्या गर्दीतून लेण्याच्या दाराशी गेलो. लेख डोक्याच्या बऱ्याच वर कोरलेले. मी मान मागे टाकून उभा राहिलो. अक्षर एकही कळत नव्हतं, पण सोडवत नव्हतं. हेच ते, म्हणत होतो. दोन वैरी, एक दार, एक गाव.

बऱ्याच वेळाने मला मागे कुजबुज ऐकू आली. माझ्या मागे रांग लागली होती. देवीच्या रांगेला फुटलेली ती एक फांदी होती. पहिली बाई हात जोडून, मान वर करून, मी बघत होतो तिथेच बघत होती.

तिने अल्लाउद्दीनला विचारलं, "दादा, हितं काय मागायचं असतंय?"

"हितं जमिनीचं," अल्लाउद्दीन म्हणाला. "मोजणी अडली असंल तर."

"मंग बरं झालं," असं म्हणून तिने दगडाशी दोन फुलं ठेवली. रखवालदार धावत आला आणि ओरडला मला, कारण मी पुढे होतो.

मी मान खाली घ्यायला गेलो तर ती येईना. कळ मानेतून खांद्यात गेली. पायऱ्या उतरताना मला आभाळ दिसत होतं, पाय दिसत नव्हते. अल्लाउद्दीनने दंड धरून उतरवलं. वाटेत लोक बाजूला होत होते. मोठ्या दुःखातला माणूस दिसतो, असं एक जण म्हणाला. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आणि वाचायचं थोडे दिवस बंद करा म्हणाले. मी पुस्तक भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला खिळ्याला टांगून वाचू लागलो.

आता या सगळ्यात वाचनालयाची खोली रंगवायला काढली होती. म्हणून व्याख्यान देवळासमोर मांडव घालून करायचं ठरलं. मांडव म्हणजे ध्वनिक्षेपक, आणि ध्वनिक्षेपक म्हणजे परवानगी. दरवर्षी आमच्या व्याख्यानाला सात माणसं असतात, त्यांतली दोन कमिटीची. त्यांना ऐकू जाण्यासाठी मला सरकारी कचेरीतल्या एका खिडकीवर अर्ज घेऊन उभं राहावं लागलं.

खिडकीतल्या तरुणाने अर्ज बघितला. "विषय काय? शालिवाहन. हे कोण?"

"राजा."

"ऐतिहासिक की पौराणिक? इथे एका चौकोनात खूण करायची."

मी बघितलं. दोन चौकोन होते. गेले तीन आठवडे मी याच प्रश्नावर जागत होतो आणि यांनी तो छापून ठेवला होता.

"दोन्ही थोडा थोडा," मी म्हटलं.

"काका, थोडा थोडा असा चौकोन नाही. दोन्हींवर खूण केली तर अर्ज बाद होतो."

"अहो, पण तोच तर विषय आहे."

"विषय तुमचा. चौकोन माझा." त्याने पेन ठेवलं. "कुणाच्या भावना दुखावणार नाहीत ना? त्यांचे वंशज असतील तर हरकत नसल्याचं पत्र जोडा."

"घराणं अठराशे वर्षांपूर्वी संपलं."

"मग तसा दाखला जोडा."

गळ्याला पट्टा असल्यामुळे मला त्याच्याकडे खाली बघता येत नव्हतं. मी त्याच्या डोक्यावरच्या घड्याळाशी बोलत होतो. त्यामुळे आवाज आपोआप चढला. मी मोबाईलमधला लेखाचा फोटो काचेला लावला आणि सांगितलं, की हा बघा पुरावा, दगडात कोरलेला. राजाचा हुकूम आहे, मावळच्या अधिकाऱ्याला. गाव दान दिलंय, आधी एकाने, मग दुसऱ्याने, तेच गाव. तरुणाने फोटो बघितला, माझ्या पट्ट्याकडे बघितलं आणि स्वतःच 'ऐतिहासिक'वर खूण करून टाकली. इतिहासातला एवढा मोठा वाद त्याने जेवणाच्या सुट्टीच्या आत मिटवला.

मी वळलो तर मागे पप्पू. पप्पू मळवलीकडच्या बंगल्यांची देखरेख करतो आणि प्लॉटचे व्यवहार जमवतो.

"आबा, गाव कुठलं म्हणालात?"

"करजिक."

"कुटं आलं?"

"नक्की सांगता येत नाही. जाणकारांचं एकमत नाही. लेण्यांच्या आसपास असावं."

"म्हंजी कुठलंबी असू शकतं?"

"कुठलंही," मी आनंदाने म्हटलं. ऐकणारा मिळाला की मला भान राहत नाही. "लेखात हद्दी दिलेल्या नाहीत."

पप्पूचा चेहरा बदलला. मावळात माणसाला काहीही सांगा, चालतं. हद्दी दिलेल्या नाहीत असं सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात चपलांचा ढीग होता. जुनं दानपत्र सापडलंय, त्यात एक अख्खं गाव भिक्षूंच्या नावावर आहे, आणि त्याची नक्कल हौशीराम वेल्डरकडे आहे, असं पंचक्रोशीत झालं होतं. एक जण इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, आमच्या गावाचं नाव त्यात नसंल असं बघा. दुसरा म्हणाला, भिक्षू किती हायेत, त्यांना एकगठ्ठा काय तरी देऊन मिटवता येईल का. मी सगळ्यांना सांगितलं, बाबांनो, दोन हजार वर्षं होत आली. तर एक म्हातारा म्हणाला, "आमच्या बांधाची केस बी तेवढीच जुनी हाय."

मग माझी चूक झाली. त्यांना धीर द्यावा म्हणून मी हुकुमातला पुढचा भाग सांगितला. राजा म्हणतो, या गावात सरकारी माणसाने शिरू नये, कशाला हात लावू नये, मीठ खणू नये.

चार-पाच जण पुढे सरकले.

"सरकारी मानसानं शिरायचंच न्हाई?" तांदूळवाल्याने विचारलं.

"नाही."

"मोजणीवाला बी?"

"कुणीच नाही."

त्याने पिशवी परत उचलली, विचार केला आणि परत ठेवली. "मंग आमच्याच गावाचं नाव लावा."

संध्याकाळपर्यंत चार गावं करजिक व्हायला तयार झाली. दोन गावांची त्यावरून स्टेशनवर बाचाबाची झाली. एकाने तर आमच्या ओढ्याला पूर्वी करजीच म्हणत होते अशी शपथ घेतली. मी प्रत्येकाला एकच सांगत होतो, पाडव्याला संध्याकाळी सहाला या, सगळं खुलासेवार सांगतो. सात माणसांच्या व्याख्यानाला प्रदीपने तीनशे खुर्च्या सांगितल्या.

चौकातला फ्लेक्स पप्पूने स्वखुशीने लावला. त्याने वाचनालयाचा कागद छापणाऱ्याकडे दिला, आणि छापणाऱ्याने नावाआधी 'कै.' बघून जो साचा नेहमी वापरतात तो वापरला. वर माधवीचा फोटो, भोवती ढग, दोन बाजूंना समया. खाली: 'वक्त्या कै. माधवी हौशीराम येवले. विषय शालिवाहन. वेळ सायंकाळी ६ वाजता. सर्वांनी वेळेवर यावे.' आणि त्याखाली शुभेच्छुक पप्पू, हात जोडून, फोन नंबरासह.

पुण्याहून चैतालीचा, माझ्या मुलीचा, फोन आला. "बाबा, आईचा फ्लेक्स चौकात का लागलाय? मला लोक फोटो पाठवतायत."

"नीट वाच. वक्त्या आहे ती."

"बाबा, वर कैलासवासी लिहिलंय आणि खाली सहा वाजता येणार म्हणून लिहिलंय."

"मग? वेळ तर द्यायला पाहिजे ना."

तिकडून काही आवाज येईना. मला वाटलं रडतेय. मग कळलं, ती हसत होती. दिवाळीनंतर पहिल्यांदा. "आईला ढग शोभतायत पण," ती म्हणाली. "मी येते पाडव्याला."

नंदाबाई फ्लेक्स बघून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भावजी, आमच्या आळीतल्या बायका विचारत्यात, खरंच येणार हाय का माधवी?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, तिनं कबूल केलं असंल तर येईल. कबूल करून चुकवायची न्हाई ती."

पाडव्याला मांडव भरला, आणि भरून बाहेर उभा राहिला. गावागावांनी आपापल्या खुर्च्या धरल्या होत्या. पुढच्या रांगेत कुणीतरी जमिनीचा नकाशा उलगडून बसलं होतं. मी उभा राहिलो आणि टेबलावर माझे कागद मांडले. मग लक्षात आलं की पट्ट्यामुळे टेबल दिसत नाही. महिन्याभराची मेहनत हनुवटीखाली पडली होती. मला दिसत होतं फक्त समोर, मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत.

प्रदीप म्हणाला, "आजच्या वक्त्या माधवीताई, यांच्या वतीने हौशीरामभाऊ बोलतील." टाळ्या झाल्या नाहीत. एक जण म्हणाला, "आधी गावाचं बोला."

तेव्हा मी आधी गावाचंच बोललो. एकाने दिलं, मग त्याला हरवणाऱ्याने दिलं. जिंकला म्हणून त्याने आधीचं दान मोडलं नाही, तेच परत आपल्या नावाने केलं.

"म्हंजी दोन खरेदीखतं," मागून आवाज आला. "सही कुणाची धरायची?"

"आमचं गाव रस्त्याच्या उत्तरंला हाय," दुसरा उठला.

"बस खाली. तुमचं गाव तवा होतं का?"

"तुमचं तरी कुटं होतं? तुमी तर धरणात उठून आलाय."

नकाशा एकीकडून फाटला. दोन खुर्च्या आडव्या झाल्या. मी माईक जवळ घेतला आणि कारखान्यात यंत्राच्या आवाजात बोलायचो तसा बोललो. "गाव कुठलं हे कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. तुमच्या सातबाऱ्यावर आहे तेच आहे. या लेखाने कुणाचं एक ढेकूळही इकडचं तिकडे होत नाही. सरकारी माणूस येणार, मोजणी होणार, सगळं आहे तसंच."

"लेखी देता?" पप्पूने विचारलं.

"दगडात देतो," मी म्हटलं. तेव्हा थोडे हसले.

मग अर्धा मांडव उठून गेला. ज्यांची भीती गेली ते गेले, ज्यांची आशा गेली तेही गेले. राहिले ते आळीतल्या बायका, वाचनालयाचे नेहमीचे, चैताली, अल्लाउद्दीन, आणि ज्यांची बस सुटली होती ते. तरी आमच्या वाचनालयाने एवढी माणसं कधी बघितली नव्हती.

त्यांना मी शालिवाहन सांगितला. शक सांगितले, नाणी सांगितली, दीडशेचा विक्रमादित्य सांगितला. कागद दिसत नव्हते म्हणून जे आठवलं ते आठवेल तसं बोलत गेलो आणि मला मजा यायला लागली. माणसं हसत होती. मग कुंभाराच्या घरातलं पोर सांगितलं, मातीची फौज सांगितली. पाणी शिंपडल्यावर ती उठली, लढली. आणि एका गोष्टीत असंही आहे की पुढे नर्मदेत उतरल्यावर त्यातली कितीतरी विरघळून गेली. पाण्याने उठली होती, पाण्यातच गेली. म्हणून तह झाला, नर्मदेच्या पलीकडे विक्रमाचा काळ, अलीकडे शालिवाहनाचा.

इथे मी ठरवलेलं वाक्य होतं, की हे सगळं खोटं आहे, याला आधार नाही. ते कागदावर लिहिलेलं होतं.

नंदाबाई उठल्या. मांडवात त्या बोलतील असं कुणाला वाटलं नव्हतं. "भावजी, मंग ते मातीचे शिपाई खोटे का? मातीचं गेल्यावर काय राहतंय?"

मी समोर बांबूकडे बघितलं. माधवी इथे काय म्हणाली असती ते मला महिनाभर शोधून सापडलं नव्हतं. तेव्हा मला जे येतं ते मी बोललो.

"मला इतिहास येत नाही. मला जोड येतो. इथे दोन तुकडे आहेत. एक दगडाचा आहे. त्यात राजा आहे, हुकूम आहे, मीठ आहे. दुसरा मातीचा आहे, त्यात पोर आहे आणि हत्ती-घोडे आहेत. दोन्ही वेगळ्या जातीचे. मी असतो तर जोडायला नाही म्हटलं असतं, धरणार नाही म्हणून. पण आपल्याच कुणीतरी बायामाणसांनी ते जोडले, रात्री पोरांना निजवताना. आणि वजन टाकून टाकून बघितलं तरी इतक्या वर्षांत तो जोड उघडला नाही. कच्चा जोड पहिल्या वजनालाच उघडतो. खरा किती आणि गोष्टीतला किती, तर दगड खरा आहे. पण त्याला आपल्यापर्यंत उचलून आणलं ते मातीनेच. माधवीने याहून नीट सांगितलं असतं. मला एवढंच येतं."

मी बसलो. टाळ्या झाल्या की नाही मला सांगता येणार नाही. चैतालीने नंतर सांगितलं, झाल्या.

आता आभार. प्रदीपने मागच्या वर्षीच्या ठरावाप्रमाणे सगळं आणलं होतं. पुरुष वक्त्याला शाल आणि नारळ, बाई वक्ता असेल तर ओटी. ठरावात वक्त्या होत्या, म्हणून ताटात खण होता, नारळ होता, तांदूळ होते. ते बघून प्रदीपलाच घाम फुटला. तो माझ्या कानात म्हणाला, "भाऊ, धावत जाऊन शाल आणू का?"

"मागच्या वेळी काय ठरलंय?" नंदाबाईंनी ताट त्याच्या हातून घेतलं.

"ओटी."

"मंग झालं तर. माधवी सवाष्ण गेली. तिची ओटी ठरलीया, ती भरली पायजे." त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "भावजी, उठा. पदर न्हाई तुमाला, सदऱ्याचा घेर धरा पुढं."

"नंदाबाई, वर्ष झालं नाही अजून."

"मला शिकवू नका. हे तुमचं न्हाई, तिचं हाय. तुमी फक्त घरापर्यंत न्यायचं."

मी सदऱ्याचा घेर दोन्ही हातांनी धरला. मागून कुणीतरी हसलं, मग गप्प झालं. पट्ट्यामुळे मला खाली बघता येत नव्हतं. तांदूळ पडताना फक्त जाणवले, मग नारळाचं वजन. नंदाबाई ओंजळीमागून ओंजळ टाकत होत्या, नेहमीपेक्षा जास्त. चैतालीने वरून खण ठेवला.

"जपून न्या," नंदाबाई म्हणाल्या. "सांडलंत तर बघा."

मी तसाच निघालो. दोन्ही हातांत सदरा, मान ताठ, नजर समोर. अल्लाउद्दीन रिक्षा आणायला पुढे गेला, चैताली खुर्च्या मोजून देणाऱ्या प्रदीपशी बोलत थांबली. मी फ्लेक्सखाली उभा राहिलो. तेवढ्यात कामशेतकडच्या बसमधून एक म्हातारी उतरली आणि धापा टाकत आली. तिने वर फोटोकडे बघितलं, मग मांडवाकडे.

"झालं का रं बाबा भाषण?"

"झालं, मावशी."

"बस लय उशिरा आली बघ. बाई कशा बोलल्या?"

"बऱ्या बोलल्या. लोक थांबले होते."

तिने माझ्या ओटीकडे बघितलं. "त्यांचीच का ही? तुमी कोण त्यांचं?"

"नवरा."

"मंग सांगा त्यास्नी," ती म्हणाली, "म्हनावं ओझर्ड्यावरनं येक बाई आली होती, खास त्यांचंच ऐकाया. ऱ्हाऊन गेलं."

"सांगतो," मी म्हटलं.